गणकयंत्रांतील शर्यत

एकादी वस्तु ज्या कामासाठीं घडविली असेल त्याच कामाला ती लावावी, भलत्या कामाला लावूं नये, असा एक संकेत सभ्य समाजांत रूढ आहे; आणि या संकेताचा भंग सर्वांत अधिक कोणी करीत असेल तर तीं मुलें. पाटी आणावी अक्षरें गिरविण्यासाठीं, तर तिच्या मागल्या बाजूस फुल्लीगोळ्याचा डाव मांडलेला असावयाचा. भूगोलाचें पुस्तक घ्यावें पाठासाठीं, तर त्याचीं पानें फडाफड उलटून पृष्ठांकावरून धावा मोजावयाच्या आणि शेवटीं शून्य आलें कीं गडी बाद! हें पुस्तकी क्रिकेट आमच्या पिढीनें इतकें खेळलें आहे कीं, त्या पुस्तकांतील नद्यांचीं नांवें आम्ही केव्हांच विसरलों, पण कोणत्या पानाच्या आसपास षट्कार निघे तें अजून बोटांना आठवतें. वडील मंडळी या सगळ्या प्रकाराला एकच शब्द योजीत, तो म्हणजे दुरुपयोग. हा शब्द कितपत न्याय्य आहे याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर बऱ्याच वर्षांनीं आली, आणि तीहि पाटीमुळें किंवा पुस्तकामुळें नव्हे, तर अमेरिकेंत शिकणाऱ्या एका मुलाच्या गणकयंत्रामुळें.

हा मुलगा माझा भाचा. २००६ सालच्या उन्हाळ्यांत तो आपल्या आईबरोबर न्यू जर्सीहून पुण्यास आला तेव्हां सोळा वर्षांचा होता. सामानांत त्यानें आपलें शाळेंतलें गणकयंत्र आणलें होतें, आणि सुटींतहि हा गणित करतो हें पाहून आमच्या घरांत त्याच्याविषयीं जो आदर उत्पन्न झाला, तो दोन दिवस टिकला.

तेथील माध्यमिक शाळांत मुलांजवळ जें यंत्र असावें लागतें, तें आपल्या वाण्याच्या गल्ल्यावरील यंत्राहून निराळें आहे. समीकरण घातलें कीं त्याचा आलेख तें पडद्यावर काढून दाखवितें. म्हणून त्याला ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणतात. कॅसिओ या जपानी कंपनीनें १९८५ सालीं असें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या पडद्यावर आडवे ९६ व उभे ६४ ठिपके मावत, आणि स्वतः रचलेला कार्यक्रम सांठविण्यास अवघी ४२२ बाइट जागा होती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीचें पहिलें आलेखयंत्र १९९० सालचें. १९९४ पासून तेथील एस. ए. टी. या परीक्षेंत गणकयंत्र वापरण्याची मुभा मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं कॅल्क्युलसच्या वरच्या परीक्षेंत आलेखयंत्र जवळ असणें आवश्यक ठरलें. मग काय विचारतां! शंभर डॉलरांच्या आसपास किंमतीचें हें यंत्र म्हणजे एका पिढीच्या दप्तरांतील नित्याची वस्तु होऊन बसली. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेंत साधें गणकयंत्रहि वर्ज्य, लॉगॅरिथमचीं कोष्टकें मात्र चालतात. तेव्हां एकीकडे यंत्र जवळ नसलें तर अडचण आणि दुसरीकडे यंत्र जवळ असलें तर गुन्हा, हा फरक त्या मुलाला समजावून सांगतांना माझी बरीच तारांबळ उडाली.

त्याचें यंत्र १९९९ सालीं निघालेल्या टीआय-८३ प्लस या जातीचें होतें. पडदा तोच, ९६ गुणिलें ६४. म्हणजे सारे मिळून ६१४४ ठिपके, आणि त्यांतला प्रत्येक एक तर काळा, नाहीं तर कोरा. त्याला मधला रंग ठाऊक नाहीं. आंत झेड-८० नांवाचा प्रक्रियक, ज्याचा जन्म १९७६ सालचा. या इवल्याशा भांडवलावर भाच्यानें मला चक्क मोटारसायकलची शर्यत लावून दाखविली.

मूळ खेळ जपानचा. निन्टेन्डो कंपनीनें १९८४ सालीं तो ‘एक्साइटबाइक’ या नांवानें काढला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो. गाडी बाजूनें दिसते, रस्ता मागें सरकत राहतो, वाटेंत उंचवटे आणि चिखल. वेगाच्या कळा दोन: एक साध्या वेगाची व दुसरी जोराची. जोराची कळ दाबून धरली कीं गाडी सुसाट सुटते, पण त्याबरोबर खालच्या पट्टींतील उष्णताहि चढत जाते. पट्टी भरली कीं एंजिन तापून बंद पडतें आणि स्वाराला कडेला निमूटपणें उभें राहून, इतरांच्या पाठी पाहत, तें निवण्याची वाट पाहावी लागते. रस्त्यावर मधून मधून बाण काढलेले असतात. त्यांवरून चाक गेलें तर एंजिन थंड होतें. उंचवट्यावरून उडालेली गाडी खालीं येतांना तिचा कल उताराशीं जुळला नाहीं तर स्वार कोलमडतो, आणि मग बिचारा उठून धांवत जाऊन आपली गाडी गांठतो. याच धर्तीचा खेळ कोणा हौशी तरुणानें गणकयंत्रासाठीं रचला होता. रंग नाहीं, आवाज नाहीं. डाव्या हाताच्या दोन कळा वेगाच्या, उजव्या हाताचे चार बाण तोल सांभाळण्याचे. मी तासभर खेळलों आणि सतरा वेळां एंजिन तापविलें. संयमाविषयीं मी आजवर जें पुष्कळ वाचलें व थोडें लिहिलें, त्याचा माझ्या अंगठ्यावर कांहींच परिणाम झालेला नाहीं हें मला त्या तासांत कळून आलें.

मूळ खेळांत आपला रस्ता आपण रचण्याची सोय होती. पण रचलेला रस्ता जतन करण्यास जें टेपयंत्र लागे, तें जपानापुरतेंच निघालें. इतर देशांतल्या प्रतींत जतन करण्याची आज्ञा यादींत लिहिलेली होती, पण ती निर्जीव होती. परदेशच्या मुलांनीं तासन् तास खपून रचलेले रस्ते यंत्र बंद होतांच विरून जात. गणकयंत्रावरील नकलेंत हें वैगुण्य नव्हतें. भाचा व त्याचा एक मित्र यांनीं मिळून एका हिंवाळ्यांत, शाळेच्या बसमध्यें बसून, अकरा रस्ते रचले होते. त्यांतल्या एकाचें नांव ‘खंबाटकी’. आदल्या खेपेस आम्ही साताऱ्यास गेलों होतों तेव्हांचा तो घाट त्याच्या लक्षांत राहिला होता.

आतां प्रश्न असा कीं, हा दुरुपयोग म्हणावयाचा काय? यंत्राच्या अंतरंगांत शिरून पाहिलें तर तेथें उपयोग आणि दुरुपयोग हा भेद कोठेंच लिहिलेला सांपडत नाहीं. अमुक ठिपका काळा कर, तमुक कोरा कर, एवढीच त्या झेड-८० ला आज्ञा. त्या ठिपक्यांतून परवलयाचा आलेख उमटतो कीं रस्त्यावरचा उंचवटा, याचें त्याला सुखदुःख नाहीं. हेतु वस्तूंत नसतो, माणसांत असतो. आणि माणसें तर येथें तीन होतीं: यंत्र करणारा, यंत्र आणावयास लावणारी शाळा, आणि ज्याच्या बापानें त्याचे पैसे मोजले तो मुलगा. तिघांचे हेतु तीन असले तर कोणाचा चालावा? मला वाटतें, ज्या वस्तूचे पूर्ण दाम मोजून घेतले आहेत तिच्यावर शाळेची घंटा झाल्यानंतर तरी करणाराचा किंवा शिक्षकाचा हेतु लादतां येत नाहीं. खुद्द कंपनीनेंहि हें थोडेंबहुत मान्य केलें होतें. १९९४ सालीं टीआय-८५ या यंत्राच्या स्मृतीची प्रत तारेनें काढतां व परत घालतां येते हें पाहून कांहीं तरुणांनीं त्या प्रतींत फेरफार केला आणि यंत्राच्या मूळ भाषेंतले कार्यक्रम चालविण्याची वाट पाडली. तेव्हां पुढील यंत्रांत ती वाट कंपनीनेंच उघडी करून दिली.

येथें खेळाचे कैवारी एक सोपी सबब पुढें करतात. ते म्हणतात, यांतून मुलें गणितच शिकतात. उडालेली गाडी परवलयच काढीत जाते ना! मला ही सबब आवडत नाहीं. खेळ रचणारा मुलगा खरोखरच पुष्कळ शिकतो, हें मान्य आहे; पण रचणारा शंभरांत एक, आणि बाकीचे नव्याण्णव नुसते खेळणारे. माझा भाचा परवलय शिकला तो शिक्षकाकडून, मोटारसायकलवरून नव्हे. शिवाय ज्या खेळाला उपयुक्ततेचा दाखला खिशांत बाळगावा लागतो, तो खेळ नव्हे, ती वेषांतर केलेली शिकवणी. आपल्याकडे तर सूत्रकारांनीं सृष्टि कां निर्माण झाली याचें उत्तर देतांना ईश्वराच्याहि पदरीं प्रयोजन बांधलें नाहीं, लीला म्हटलें. एका शाळकरी मुलाकडून त्याहून कडक हिशेब कां मागावा?

येथवर माझें मन निःशंक होतें. परंतु भाच्यानें मला त्या खेळांतली आणखी एक कळ दाखविली. ती दाबली कीं शर्यत क्षणांत नाहींशी होऊन कोरा, निष्पाप गणकपडदा दिसूं लागे. अशी कळ अशा कित्येक खेळांत असते, आणि मुलें तिला शिक्षकांची कळ म्हणतात. मी मनांत म्हटलें, हां, येथें पाप आहे. खेळांत नव्हे, लपविण्यांत आहे. पण हें म्हणतांना मला आमचें भूगोलाचें पुस्तक आठवलें. मास्तर बाकाकडे वळले कीं आम्हीहि पानांत बोट घालून दख्खनच्या पठाराकडे असे कांहीं टक लावून पाहत असूं कीं, ती कळ आमच्या बोटांतच बसविलेली होती म्हणावयाचें. तेव्हां भाच्याला बोलण्याचा अधिकार मला नव्हता. मास्तरांचा अवमान झाला हें खरें, आणि अवमान ही लहान गोष्ट नव्हे. तरी शेजारच्या बाकावरच्या कोणाच्या ताटांतलें कांहीं आम्ही उचललें नव्हतें.

खरा पेंच पुढेंच आहे. त्याच वर्षीं त्यांच्या शाळेंत एका परीक्षेच्या आधीं पर्यवेक्षकानें प्रत्येकाला यंत्राची सगळी स्मृति पुसावयास सांगितलें, कारण त्या स्मृतींत सूत्रें लिहून आणण्याची चाल पडली होती. पुसल्यावर यंत्र तशा अर्थाचे शब्द पडद्यावर दाखवितें; ते पाहून पर्यवेक्षक पुढच्या बाकाकडे जाई. आतां ज्याला शर्यत रचतां येते त्याला पडद्यावर दोन शब्द उमटविणें किती अवघड? मुलांत असा एक कार्यक्रम फिरत होता कीं, तो चालविला असतां स्मृति पुसल्याचे शब्द हुबेहूब दिसत आणि स्मृति मात्र जशीच्या तशी राही. भाच्याच्या मित्रानें तो चालविला. भाच्यानें स्मृति खरोखर पुसली. खेळ गेला आणि अकरा रस्ते गेले.

“पण मामा,” भाचा मला म्हणाला, “त्यानें एकहि फॉर्म्युला ठेवला नव्हता. फक्त आमचे रस्ते ठेवले होते. मग त्यानें कोणाचें काय चोरलें?”

या प्रश्नाला मी त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें मला आज अपुरें वाटतें. मी म्हटलें, खोटें नाणें देवळाच्या पेटींत टाकलें म्हणून तें खरें होत नाहीं. त्या पडद्यावरचे दोन शब्द म्हणजे पर्यवेक्षक आणि तीस मुलें यांच्यांत चालणारें एक नाणें होतें. प्रत्येकाचें दप्तर उलथेंपालथें न करतां, कोणालाहि चोर न म्हणतां, परस्परांवर विश्वास ठेवण्याची ती एक खूण होती. तुझ्या मित्रानें ती खूण खोटी पाडली आणि सूत्रें लपविणाऱ्याच्याच रांगेंत तो जाऊन बसला. त्याच्या मनांत काय होतें तें पर्यवेक्षकाला दिसणार कसें?

हें उत्तर चुकीचें नाहीं. पण त्यांत पर्यवेक्षकाच्या बाजूचा हिशेब मी मांडलाच नव्हता. निरपराधी माणसानें आपलें निरपराधित्व सिद्ध करावें म्हणून त्याच्याच हातून त्याची प्रिय वस्तु नष्ट करावयाची, हा कसला नियम? घरांत चोर लपलेला नाहीं हें दाखविण्यासाठीं घरच जाळावयाचें! एका हिंवाळ्याचें काम, मग तें कितीहि पोरकट असो, दोन मुलांच्या दृष्टीनें काम होतें. तें पुसा म्हणणाऱ्याला पुसलें काय जातें याची कल्पनाहि नव्हती. शाळेनें परीक्षेपुरतीं कोरीं यंत्रें दिलीं असतीं, तर खोटें बोलण्याचा प्रसंगच आला नसता. ज्या नियमानें प्रामाणिकाचें नुकसान आणि लबाडाची सोय होते, तो नियम करणाऱ्याकडे त्या खोटेपणाचा मोठा वांटा जातो असें मी आज म्हणेन. मित्राचा वांटा त्यानें अजिबात नाहींसा होतो असें मात्र म्हणणार नाहीं.

आणि भाच्याचा वांटा? मी त्याची पाठ थोपटण्याच्या बेतांत होतों, तेवढ्यांत त्यानें स्वतः होऊन सांगितलें कीं, परीक्षा संपल्यावर त्याच संध्याकाळीं दोन यंत्रांमध्यें तार जोडून मित्राकडून अकराहि रस्ते त्यानें परत घेतले. एवढेंच नव्हे, तर स्मृति पुसतांना मित्र आपली पुसणार नाहीं हें त्याला ठाऊक होतें.

माझा थोपटण्यासाठीं उचललेला हात तसाच राहिला. त्याचा प्रामाणिकपणा खरा होता, पण त्याचा विमा मित्राच्या खोटेपणानें उतरविलेला होता. सत्याच्या मार्गानें जाणाऱ्या कित्येकांचें असेंच असतें काय? घरांतला एक भाऊ लांचलुचपतीशिवाय काम करतो असा लौकिक मिळवितो, आणि त्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च दुसरा भाऊ उचलतो, ज्याच्या धंद्याची चौकशी कोणी करीत नाहीं. मी भाच्याला विचारलें, मित्र जर रस्ते ठेवणार नसता तर तूं काय केलें असतेंस? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मला खरंच माहीत नाहीं, मामा.” हें उत्तर मला त्या सबंध प्रकरणांतलें सर्वांत स्वच्छ वाक्य वाटलें.

पुढें हा पेंच दोन मुलांपुरता राहिला नाहीं. यंत्रांना परीक्षेसाठीं निराळी अवस्था आली. ती चालू केली कीं सांठविलेलें सारें तात्पुरतें झांकलें जाई. पुसण्याऐवजीं झांकणें, ही सुधारणा मला फार शहाणपणाची वाटते. पण ही अवस्थाहि चुकवितां येते हें कांहीं चतुर लोकांनीं दाखवून दिलें. आणि २०२० सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनें आपल्या टीआय-८४ प्लस सीई या रंगीत यंत्राच्या नव्या प्रणालींतून मूळ भाषेंतले व सी भाषेंतले कार्यक्रम चालविण्याची सोयच काढून घेतली. त्या सोयीवरच वेगवान खेळ उभे होते. म्हणजे सूत्रें चोरणारा आणि घाटाचे रस्ते रचणारा एकाच दंडाला पात्र झाले. हौशी लोकांत मोठा आक्रोश झाला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं बंद दरवाज्याला बगल देणारी वाटहि शोधून काढली. कंपनीचा पक्ष मला समजतो: परीक्षा घेणाऱ्यांचा यंत्रावरचा विश्वास उडाला तर शाळा तें यंत्र घेणार कशाला? पण विश्वास राखण्याचें ओझें नेहमीं खेळणाऱ्यांच्याच डोक्यावर कां येतें, याचें उत्तर मला मिळालेलें नाहीं. अलीकडे एस. ए. टी. परीक्षा संगणकावर होऊं लागली आणि तिच्या पडद्यांतच आलेख काढणारें गणकयंत्र बसवून दिलेलें असतें. २०२४ पासून अमेरिकेंतहि तीच पद्धत आहे. परीक्षेनें आपलें यंत्र आपण आणावें, एवढी साधी गोष्ट उमगण्यास तीस वर्षें लागलीं.

भाचा आतां पस्तिशी ओलांडून गेला आहे. मागल्या दिवाळींत तो आला तेव्हां त्याच्या सामानांत तें जुनें यंत्र पुन्हां होतें. या खेपेस आपल्या मुलीला दाखविण्यासाठीं. त्यांत चार नव्या बारक्या बॅटऱ्या घातल्या आणि पडदा उजळला. यादींत अकराहि नांवें होतीं. तो मित्र आतां कोठें असतो असें मीं विचारलें. गेल्या बारा वर्षांत दोघांचें बोलणें नाहीं, म्हणाला, कारण कांहींच नाहीं, असेंच राहून गेलें. मीं ‘खंबाटकी’ उघडला. तिसऱ्या उंचवट्यापाशीं खालची पट्टी भरत आली तरी माझा अंगठा जोराच्या कळेवरच होता.

“आजोबा, बाण!” भाच्याची मुलगी ओरडली. “बाणावरून न्या!”

तोंवर एंजिन बंद पडलें होतें.